पाणी थांबलां काय

गुरुवारी मी देवगडात असतो.
खाली आंब्याच्या खोक्यांचं दुकान, वर माझी अंधारी खोली,
दारावर तो सरकारी फलक:
मुलगा की मुलगी, इथे सांगत नाहीत.
बाकी सगळं सांगावं लागतं.

दीक्षिता कुबल. एकतिसावा आठवडा,
पोट सव्विसाव्याचं.
जेल गार लागलं तशी हसली.
म्हटलं, श्वास जरा धरून ठेवा,
आणि नाळेच्या त्या पिळात
धमनी शोधून तिच्यावर खूण टेकवली.

आवाज आला,
ओल्या रेतीतून कुणी चपला ओढत चालावं तसा.
पडद्यावर एकामागून एक सुळके,
आणि दोन सुळक्यांमध्ये, जिथे थोडं तरी वाहतं राहावं,
काही नाही.
नुसता तळ.

सासू भिंतीला टेकून.
जन्म खाडीत मुळे काढण्यात गेलेला,
नखांत अजून चिखल.
पडद्याकडे न बघता, नुसता कान देऊन म्हणाली,
"डॉक्टरांनू, पाणी थांबलां काय?"

पंधरा वर्षं मी हे वाक्य शोधत होतो.
माझ्या अहवालात ते साडेतीन ओळींचं आहे.
"होय," म्हटलं, "पण अजून उलटं फिरलेलं नाही."
खाडीत पाणी उलटतं, ते रोजचंच.
इथे उलटलं तर...
तिने सुनेच्या पायावर हात ठेवला.

मग मी बाळाच्या डोक्यात गेलो.
तिथे मात्र वाहत होतं, भरभरून, जवळजवळ उधाण.
घरात थोडंच आहे, हे त्याला कळलं होतं;
आतडी, कातडी, हातपाय अर्धपोटी ठेवून
ते मेंदूला वाढत होतं.
अकराशे ग्रॅम, आणि घर चालवत होतं.
कौतुक वाटलं.
अहवालात त्याला रकाना नाही.

नवरा बोटीवर, परवा येणार.
परवा फार लांब होतं.
फुप्फुसांसाठीचं पहिलं इंजेक्शन दिलं,
आणि रुग्णवाहिका घाटाकडे गेली, कोल्हापूरला.
पुढची पेशंट आत आली,
तिचं सगळं छान होतं.

सुटल्यावर पुलावर गाडी थांबवली.
खाली नांगरलेल्या होड्या
तोंड समुद्राकडे करायचं की खाडीकडे, ठरवत नव्हत्या.
फोन बॉनेटवर ठेवला, तिथे रेंज येते.

एक होडी हळूच वळायला लागली.
कुणीकडे,
ते अंधारात नीट दिसलं नाही.