एक ते चार

लक्ष्मी रोडवर शटर खाली ओढतात
तेव्हा माझं उघडतं.
शर्विल झोपला की
तांदळाच्या डब्यातून कॅमेरा काढते.
बुरशी लागू नये म्हणून तिथे ठेवलेला,
पट्ट्याला दोन दाणे चिकटलेले.

कर्वेनगरच्या या तिसऱ्या मजल्यावर
ऊन वीसच मिनिटं येतं,
समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून,
आणि ओट्यावरच्या निवडलेल्या मेथीवर बसतं.
मी श्वास धरते. 'खट्' सुद्धा
टॉवेलात गुंडाळावीशी वाटते.

लेन्सचं झाकण महिनाभर सापडत नव्हतं.
काल भातुकलीत दिसलं,
त्यात एक शेंगदाणा, अर्धा चावलेला.
"आई, तुझं ताट."
जेवले.

सासूबाई साताऱ्याहून फोनवर विचारतात,
आज काय केलंस गं दिवसभर?
धुणं, वरणभात, डॉक्टरांकडचं इंजेक्शन,
सगळं सांगते. ही वीस मिनिटं सांगत नाही.
चोरलेली नाहीत ती,
पण कुणी दिलेलीही नाहीत.

आज टाकीमागून ऊन निघालं
आणि हा दोन दहाला उठून उभा,
गालावर उशीच्या शिवणीची रेघ,
उचल म्हणत.
एका हातात तो, दुसऱ्यात कॅमेरा,
फोकस कुठल्या कुठे.

फोटोत मेथी नाहीच.
एक पिवळट ढग,
आणि कडेला त्याचा कान,
उन्हाने आरपार लाल.

डिलीट करणार होते.
तेवढ्यात कुकरची शिटी झाली.