उंडीखाली

आंब्याच्या बागेत वानरं हाकायला बांधून ठेवली होती तिला.
दिवसातून सहादा सुतळी बॉम्ब,
आणि गळ्यात पट्ट्याच्या जागी तार.
बाग विकली गेली, राखणदार आपल्या गावी गेला,
ती राहिली. कलमाच्या बुंध्याला, तारेसकट.

तार मी पकडीने कापली.
चाळीस वर्षं त्याच पकडीने बोटींची इंजिनं उघडली,
हात कधी थरथरला नव्हता.

घरात आम्ही दोघं, म्हणून तिचं नाव तिसरी.
शिवाय खाडीतली तिसरी कशी,
बोट लागायच्या आत शिंपला मिटून घेते,
तशी ही खाटेखाली.
मी नुसतं “ये” म्हटलं
तर खाटेखालून पाण्याचा ओघळ आला.

हेमलता म्हणाली, “बोंबलतंस कित्याक?
इंजिन बंद झाला कधीचा.”
खरं होतं. डिझेलच्या धडधडीत कान गेले
आणि आवाज तेवढा बोटीवरचाच राहिला.
माझं प्रेमाचं बोलणंही
बंदरापर्यंत ऐकू जातं.

जामसंड्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं:
डोळ्यांत बघू नका. वरून हात नेऊ नका.
उठल्यावर, जेवल्यावर, दर दोन तासांनी, एकाच जागी न्या.
घरात झालं तर पुसा. काही बोलू नका.
शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा.

शेजारचा बाबल म्हणाला, “नाक घास थयच, मगे कळतला.”
मी फडकं उचललं
आणि न पिळता उंडीखाली नेऊन टाकलं,
तिला निदान वास तरी ओळखीचा लागावा.

मग हेमलतेच्या जुन्या पातळाची पट्टी गळ्यात,
खिशात मोबाईलचा गजर थरथरला की
आम्ही उंडीखाली उभे.
मी समुद्राकडे बघत,
ती माझ्या चपलांकडे.
मासळी घेऊन जाणारे विचारत, “कोणाची वाट बघतंस रे?”
मी म्हणे, “मुताची.”

अकराव्या दिवशी तिने केलं.
मी “शाबास!” ओरडलो
आणि ती पट्टी हिसडून थेट गडग्यापाशी.
पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा मी कुजबुजायला शिकलो. साठीनंतर.
आपला आवाज किती निघतोय हे बहिऱ्याला कसं कळावं?
गळ्यावर दोन बोटं ठेवायची.
बोटांना थरथर लागली म्हणजे जास्त झालं,
नुसती हवा सोडायची.
हेमलता स्वयंपाकघरातून लाटणं वर करी: अजून मोठा.
लाटणं खाली: बरा.

सुक्या सोड्याचा तुकडा मागे ठेवून
मी पाठ फिरवून बसत असे, मांडी घालून, तासतासभर.
एकदा सदऱ्यातून तिचा श्वास पाठीला लागला.
मान अवघडली होती,
तरी वळलो नाही.

फाल्गुनात बागांमधून पुन्हा बार सुरू झाले.
ते मला ऐकू येत नाहीत.
कोब्यावर पाय ओला झाला की कळतात.
पुन्हा फडकं, पुन्हा उंडी.
बाबल गडग्यावरून हसला. हसू दे.

परवा रात्री हेमलता बहिणीकडे कुडाळला.
दारावरचे ओरखडे मी सकाळी मोजले, बावीस होते.
मला झोपेत काय ऐकू येणार?
जागेपणी तरी काय?
खाटेवरून लोंबणाऱ्या माझ्या तळहाताला
काहीतरी ओलं, गार टेकलं.
थांबलं.
परत टेकलं, जरा जोरात.

माझ्या हाताला ती तोवर कधी शिवली नव्हती.

दार उघडलं. पट्टी लावायची राहिलीच.
तीच पुढे गेली, गळलेली फळं हुंगत,
उंडीखाली दोनदा फिरून
नीट, सावकाश बसली.
मी गळ्यावर बोटं ठेवली आणि म्हणालो,
शाबास.

मला काही ऐकू आलं नाही.
तिचा एक कान वळला.