इतर विषय

परभणीत, सभागृहाच्या लांब टेबलावर
बोंडं मांडली होती,
पांढऱ्या बशांत, बिस्किटांसारखी.
मी इतिवृत्त लिहीत होतो.

विषय एक : मागील इतिवृत्त कायम करणे. केले.
विषय दोन : गुलाबी अळी. दोन तास, चहा,
आणि पुन्हा गुलाबी अळी.
विषय पाच : धाग्याची लांबी.
जिनिंगवाले मुंदडाशेठ म्हणाले, एकोणतीस मिलिमीटर तरी हवीच.
डॉ. टेहरे म्हणाले, देशी वाणात सव्वीसपर्यंत आलोय,
चौदा वर्षं लागली,
आणि चष्मा पुसत बसले.

शेवटच्या खुर्चीत मानवतच्या सोजरबाई खंदारे.
वेचणाऱ्यांपैकी एक सदस्य असावा
असा आदेश यंदाच आलेला.
त्यांच्या नावाची पाटी मीच छापली होती,
सवयीनं पुढे 'श्री.' पडलं होतं.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. बाई, काही सूचना?

त्या आधी बोलल्याच नाहीत.
बोंड उचललं, चिमटीनं कापूस ओढला.
अर्धा आला, अर्धा आतच.
दुसरं. तिसरं.
वाळक्या टोकानं नखाशेजारी रक्ताचा ठिपका आला,
तो पदराला पुसून म्हणाल्या,
"धागा मोजता, अळ्या मोजता.
मंग सुटतंय कसं, त्येबी मोजा की.
दिवसाला किती बोंडं होत्यात ठावं हाय का कुणाला?"

कुणीतरी खोकलं.

मला ते लिहिता येईना.
'सुटणे' याला रकाना नव्हता.
शेवटी 'इतर विषय'खाली टाकलं :
मा. सदस्यांनी वेचणीसुलभतेबाबत सूचना केली.
नोंद घेण्यात आली.
नोंद घेण्यात आली म्हणजे काय होतं,
ते एकवीस वर्षांच्या नोकरीत मला कळलेलं आहे.

पण डिसेंबरात सह्या घ्यायला प्रक्षेत्रावर गेलो
तर पीएचडीची जास्मिन शेख
मासे तोलायचा स्प्रिंगकाटा कापसाला अडकवून ओढत होती,
वहीत ग्रॅम लिहीत होती.
आणि दोन तासं पुढे सोजरबाई,
झाडाला नुसता हात लावून
"ह्ये ठिव", "ह्ये सोड" म्हणत चाललेल्या.
दोन्ही याद्या जुळतात का, ते अजून बघायचंय.

माझ्याकडे त्यांचं प्रवासभत्त्याचं बिल होतं,
मानवत ते परभणी, एसटी, साधी.
लेखा विभागानं परत पाठवलेलं : तिकीट जोडलेलं नाही.

विचारलं, तर चंचीतून घडी काढून दिली.
"बघा, पर मागची बाजू फाडू नगा."
मागे पेन्सिलीच्या रेघा होत्या,
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
कडेपर्यंत.