दुसरा गिअर

हॉप वाळवायच्या कोठारात, पिंपांच्या मागे,
कोंबड्या जिच्यावर झोपायच्या ती वस्तू
मोटरसायकल आहे, हे ओळखलं माझ्या भावानं, वानसनं.
त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
जेवायला जागा नाही.

पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन
तो टाकीचा रंग उतरवतो,
नखाएवढा तुकडा, एका रविवारी एक थर.
वर लाल: म्हाताऱ्या कामिएलनं पोरीच्या लग्नासाठी फासलेला.
खाली निळा, कुणाचा ते गावात कुणालाच आठवत नाही.
मग हिरवट, चव्वेचाळीसचा.
आणि तळाशी तपकिरी, भिजल्या मातीचा.
‘हाच,’ वानस म्हणाला,
जणू कांदा सोलता सोलता
आत कुणी बसलेलं सापडलं.

पत्रं मी लिहिते, कारण त्याचं इंग्रजी
पान्यांच्या मापांपुरतं.
बर्मिंगहॅमच्या एका निवृत्त फिटरला विचारते:
स्क्रूचं डोकं सपाट की घुमटाकार?
मुलामा कॅडमियमचा की नुसता काळा?
तो चार पानं उत्तर देतो,
शेवटी बायकोच्या गुडघ्याची हकीकत.
मुठींना रबर नको, त्यानं बजावलं, कॅनव्हास हवा.
मलाया पडला, रबर आटलं.
म्हणून मी जुन्या ताडपत्रीच्या पट्ट्या कापून
दाभणानं शिवत बसले,
कधीकाळी कुठल्याशा झाडांचा चीक
कारखान्यापर्यंत पोचला नाही म्हणून.

क्रमांक त्यानं हातानं रंगवला, श्वास रोखून.
साचा वापर म्हटलं तर चिडला:
‘ती पोरं घाईत असायची.’
आमचाही सात मग थोडा झुकलाय.

तीन हिवाळे गेले.
क्लचच्या नव्या प्लेट, नव्या स्प्रिंगा.
गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालू लागली.

अवजारांच्या पेटीचं झाकण राहिलं होतं.
कंटाळवाणं काम, म्हणून शेवटी माझ्याकडे आलं.
काजळी धुताना आतल्या बाजूला
शिसपेन्सिलीचं अक्षर उमटलं:
दुसऱ्यात हिसका देते. रागावू नका तिच्यावर.
सही नाही, हुद्दा नाही, तारीख नाही.
आपल्यामागून बसणाऱ्यासाठी कुणीतरी लिहून ठेवलेलं.
मी अर्थ सांगितला.
वानसनं मूळ इंग्रजी वाचायला लावलं.
मग आणखी एकदा.

रात्री तो जेवला नाही.
सकाळी म्हणाला, ‘खोटं पाडलं आपण त्याला.’
आणि भंगाराच्या डब्यातून
जुन्या प्लेट उपसून काढल्या,
कडा झिजलेल्या, एकीचा दात तुटका.
डोकं फिरलंय तुझं, मी म्हटलं,
नव्यांना किती पैसे मोजलेत आठवतंय?
त्याला ऐकू आलं नाही.
त्याचं बहिरेपण सोयीनं येतं-जातं.

ऑगस्टच्या मेळाव्यात परीक्षक आले,
चष्मा कपाळावर चढवून, गुडघे टेकून वाकले.
साखळीच्या झाकणाचा एक स्क्रू जस्ताचा निघाला.
अर्धा गुण कापला.
क्लचबद्दल विचारायचं त्यांना सुचलं नाही,
आम्हीही बोललो नाही.

परतताना मी मागच्या कॅरिअरवर,
कागदपत्रांच्या रिकाम्या पिशव्यांमध्ये पाय अडकवून,
दोन्ही बाजूंना हॉपच्या उंच वेली.
वानसनं पहिला टाकला,
मग बुटाच्या टोकानं दुसरा,
आणि तिनं असा हिसका दिला
की माझा दात ओठात रुतला.

मी शिवी देणार होते.
तेवढ्यात तो न वळता ओरडला,
रागावू नका तिच्यावर,
इंग्रजीत.
एवढं एक वाक्य त्याला आता
अगदी बिनचूक येतं.