काळीज

सोहार. रात्रीचे अडीच.
सेंट्रिफ्यूज थांबलं की फ्रीजची घरघर ऐकू येते.
नळीत तळाला रक्त बसलेलं, वर सीरम,
पेजेवर निवळ यावी तसं.

बशीर हजवाने, वय बावन्न.
गाव फॉर्मवर विचारत नाहीत, मीच विचारलं होतं
दंडाला पट्टा बांधताना.
फुरूस, म्हणाला, खेड तालुका.
मग शीर सापडेपर्यंत आम्ही जगबुडीच्या पाण्याबद्दल बोललो.

कोलेस्टेरॉल ठीक. साखर काठावर.
ईसीजी सरळमार्गी माणसासारखा.
फक्त सीआरपी चार पूर्णांक आठ
आणि शेजारी एक बाण, वर जाणारा.

पंधरा दिवसांनी पुन्हा, असं डॉक्टरांनी लिहिलं.
ताप? नाही. खोकला? नाही.
दाढ?
ती दुखते, पण विम्यात दात बसत नाहीत.

आज पाच पूर्णांक एक.

कुठं जळतंय ते हा आकडा सांगत नाही,
जळतंय एवढंच सांगतो.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते.
ती पेटलेली बघून कुणी धावत नाही.
अकरा वर्षं ॲल्युमिनियमच्या भट्टीवर
हा माणूसही असाच, कुणी न धावता.

हे प्रथिन हृदय बनवत नाही, यकृत बनवतं.
कॉलेजात पाठ केलं आणि विसरून गेले.
परवा बाजारात खाटकाने विचारलं, कबदा?
मी मनात म्हटलं, काळीज,
आणि पिशवी उघडायची राहूनच गेली.

आमच्याकडे फळीवर मांडलेलं काळीज म्हणजे यकृत,
आणि काळजाला घरं पडतात ती मात्र इथं, डाव्या बाजूला.
दोघांना एकच शब्द.
मी समजायचे, जुन्या माणसांना आतलं काही ठाऊक नव्हतं.
नव्हतंच बहुधा.
तरी एकाची नळी सुजली
की दुसरं रात्रभर रक्तात चिठ्ठ्या सोडत बसतं,
आणि त्या वाचायला मी, रियालात पगार घेऊन.

तो बाहेर बाकावर आहे, हेल्मेट मांडीवर.
"काय म्हनतंय रगत?"
सांगायची मला परवानगी नाही, डॉक्टर सांगतील.
"दाढ काढून घ्या, भाई," एवढंच म्हणते.
तो हसतो,
तोंडावर हात धरून,
दुखऱ्या बाजूने.

मी सही करते. बाण तसाच वर.
पुढच्या नळीवरचं नाव
मला नीट वाचता येत नाही.