चौथी काळी

"काय येतं तुला?" निनाद बिर्जे विचारतो,
"गाणं? नाटक? निवेदन?"
वर्गणी तीस रुपये, मंडळाचा फॉर्म, खाली सही.
मी म्हटलं, कौलं वाजवता येतात.
तो हसला नाही. 'इतर'समोर
बारीकशी खूण केली त्यानं.

खरंच सांगत होते मी.
खानापूरच्या भट्टीवर बाबांच्या मागं बसून
बोटाच्या पेरानं टक् केलं की कळायचं मला
कुठलं कौल आतनं तडकलंय.
पण हे रकान्यात मावत नव्हतं.

जिना संपतो तिथं बोळ.
डावीकडं आमचं मराठी मंडळ, उजवीकडं कन्नड संघ,
मधे एक बाक, बाकावर एकच पेटी.
सोमवार-गुरुवार आमची,
मंगळवार-शुक्रवार त्यांची,
बुधवारी लगमण्णा शिपाई तिच्यावर डबा उघडतो.

पेटी उचलायची ती नव्यांनी.
"नवी हायस न्हवं? धर की गे तिकडनं."
मी धरली. दुसरी कडी धरली
संघातल्या नव्या पोरीनं,
शिवलीला अंगडी, बैलहोंगलची.
"हेसरेनु?" तिनं विचारलं. सांगितलं.
"जेवलीस?" मी विचारलं. तिला कळलं.
पहिला महिना एवढ्यावरच गेला.
शिवाय प्रत्येक पायरीला ती म्हणायची,
निधान, निधान.
मला वाटलं, पेटीलाच म्हणतेय,
ठेवा, धनाचा हंडा.
दिवाळीच्या सुट्टीत आईला विचारलं तेव्हा कळलं:
सावकाश.

या पेटीची चौथी काळी वाजत नाही.
आमचे गाणारे तिथं आले की
गटारावरनं उडी मारावी तसे पलीकडं जातात
आणि मागं वळून बघत नाहीत.
मंगळवारी मी बोळात थांबले होते,
बस अजून तासानं होती,
पलीकडच्या खोलीत गाणं चाललेलं. शब्द कळेनात.
एका ठिकाणी
तेही उडाले.
खड्डा तोच.

मग एका बुधवारी,
लगमण्णा डबा विसळायला गेलेला,
आम्ही झाकण उचकटलं:
माझी केसातली पिन, तिचं नख.
पट्टीखालनं निघालं बसचं तिकीट,
चार घड्यांचं, अक्षरं पुसलेली,
आकडा तेवढा शाबूत: साडेतीन रुपये.

शिवलीलानं भाता हलवला.
कुणी बोट ठेवलं नव्हतं, तरी
सूर सुरू झाला
आणि थांबेना.
दोन्ही दारं उघडली.
"काय मोडलंत?" दोन भाषांत एकदम.
अर्थशास्त्राचे सर खडू घेऊन बाहेर.
ती घाबरून भाता मारतच होती,
मी पेटीच्या लाकडावर टक् केलं:
तडा नव्हता कुठं.

लगमण्णा आला ओल्या हातानं.
"कुणी काढलं ते?
तीस वर्सं झाली, म्याच घातलंवतं.
नोकरीच्या पहिल्या दिवसाचं तिकीट माझं.
ह्यो एकटा बोंबलत ऱ्हायला
की बाकीच्यास्नी वाजू देत न्हाई."
जुनं तिकीट त्यानं पुसलं, वास घेतला,
सदऱ्याच्या खिशात ठेवलं.
"आता दुसरं द्या कुणीतरी."

पोरं खिसे चाचपू लागली.
आम्ही दोघींनी एकदमच पुढं केली
सकाळची तिकिटं. बायकांची.
रक्कम: शून्य.
लगमण्णानं दोन्ही एकावर एक ठेवली,
चार घड्या घातल्या, सारली आत.
सूर बसला.
खूप वेळ कुणीच काही बोललं नाही,
मग सरांनी वर्गात जाऊन दार लावून घेतलं.

अजून मी 'इतर'मध्येच आहे.
संमेलनाच्या यादीत नाव शेवटून दुसरं,
'साहित्य ने-आण' या मथळ्याखाली.
गुरुवारी निनाद म्हणाला, पेटी बरी आहे ना?
आहे की, म्हटलं. चौथी काळी सोडून.
कडी उचलली. जिना अंधारा होता.
खालच्या पायरीवरनं मीच म्हटलं,
निधान.
वरनं ती म्हणाली,
जेवलीस?