पांढरे मोजे

चमचा हाच. एकाच बाजूने झिजलाय,
कारण मी डावखुरी.
खरवड, पण सर पडून गेल्यावर.
कोरडं दगडफूल हट्टी असतं,
ओलं झालं की सालीसारखं सुटतं.

मघाशी तू बाटलीतला थेंब टाकलास त्यावर:
आधी पिवळं, मग ताज्या जखमेसारखं लाल.
कुठल्याशा आम्लाचं नाव सांगितलंस.
असेल.
राखाडी पापुद्र्यात काय दडलंय
ते आम्हाला हंडा सांगायचा.

एक थर लोकर, एक थर दगडफूल,
पुन्हा लोकर. वर ओढ्याचं पाणी,
खाली पीटच्या ढेपांचा जाळ दिवसभर.
तुरटी नको, काही नको,
हा रंग मध्यस्थाशिवाय लोकरीला धरतो.
दुपारी तांबूस, दिवेलागणीला तपकिरी,
आणि वास असा की नातवंडांना पुरतो.
कसर फिरकत नाही.

फक्त होडीवर न्यायचा नाही.
हॅरिसच्या या किनाऱ्यावर कुणीही सांगेल,
दगडावरून आलेलं दगडाकडेच जातं;
तपकिरी मोज्यांचा माणूस पाण्यात पडला
तर सरळ तळाच्या खडकाकडे.
म्हणून टॉर्किलचे मोजे मी पांढरे विणले.
अकरा जोड.
मेंढीच्या अंगावर होते तसेच पांढरे.

मार्चमध्ये होडी गेली. तिघे होते, दोघे सापडले.
बायका म्हणाल्या, बेहाक, तुझा काही दोष नाही,
तू त्याला रंग लावला नव्हतास.

नव्हता लावला.
पण पोरी, दगड काय फक्त तळाशीच असतात?
हा बघ, ज्यावर तू बसलीयेस.
माझ्या दारापासून चाळीस पावलं.
दगडाकडेच जायचं होतं
तर याच्याकडे आला असता.

हे मी पाद्रीबाबांपाशी बोलले नाही.
त्या उन्हाळ्यात एक जोड रंगवला, त्याच्या मापाचा,
आणि ओहोटीबरोबर सोडून दिला.
चौथ्या दिवशी एक परत आला,
इथे, या फटीत, शेवाळात गुरफटून.
दुसऱ्याचं मी काही म्हणत नाही.

हळू. तिथे नको.
तो डावीकडचा डाग राहू दे,
ते त्या वर्षीचं खरवडणं.
चव्वेचाळीस वर्षं झाली,
आत्ता कुठे तळहाताएवढं भरून आलंय.